सोडला की सुटणारा विषय

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच सल्ला फिरतो : ‘सायन्स घेऊन ठेव, पुढे कुठेही वळता येतं.’ 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम, कटऑफ, फेऱ्या यांवर भरपूर चर्चा झाली. हा सल्ला मात्र कुणी तपासून पाहिला नाही. कोठारी आयोगानंतर आलेल्या दहा अधिक दोनच्या आकृतिबंधाने पंधरा-सोळाव्या वर्षी शाखा निवडायला लावली आणि तो सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दुसरीकडे, ‘आवडेल ते घे’ म्हणणारे कोवळ्या आवडीवर न पेलणारा भार टाकतात. उद्या कशाला मागणी येईल याची भाकिते तर पदवी हाती येईपर्यंत शिळी होतात.

‘सायन्स घेऊन ठेव’ यात तथ्य नाही असे नाही. विज्ञानाकडून कला-वाणिज्याकडे जाता येते, उलट सहसा येत नाही. पण हे प्रवेशाच्या नियमांचे वर्णन झाले. नियम पात्रता सांगतात, तयारीबद्दल काहीच सांगत नाहीत. एनडीएच्या भूदल शाखेसाठी कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पात्र असतो; लेखी परीक्षेतले 900 पैकी 300 गुण मात्र गणिताचे असतात. सीए फाउंडेशनला कोणत्याही शाखेतून बसता येते. तिथे गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा 100 गुणांचा स्वतंत्र पेपर वाट पाहत असतो. बारावीच्या वाणिज्य शाखेत ‘मॅथ्स की एसपी’ (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) या प्रश्नावर गुण सोपे म्हणून एसपी घेणाऱ्याला त्याची किंमत तिथे कळते.

आता ‘घेऊन ठेवलेले’ सायन्स पाहू. नीटच्या आशेने मुलगी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेते आणि भार हलका करायला गणित सोडते. दोन वर्षे क्लासमध्ये चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव होतो. हवे तेवढे गुण पडत नाहीत, मग ती कायद्याकडे किंवा बी.ए.कडे वळते. कागदावर तिच्यापुढे सगळे मोकळे असते. प्रत्यक्षात गणित दोन वर्षांपूर्वीच सुटलेले असते, आणि एखादा मुद्दा चार पाने सलग मांडण्याची सवय लागलेलीच नसते. सर्व शक्यता राखण्यासाठी केलेल्या निवडीने तिच्या दोन मोठ्या शक्यता खाल्ल्या. शाखा राखली गेली, क्षमता नाही.

म्हणून मला शाखांपेक्षा एक वेगळा भेद महत्त्वाचा वाटतो : नंतर उचलता येणारे विषय आणि सोडले की सुटणारे विषय. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षी मुळापासून शिकवले जातात. जीवशास्त्रही बारावीनंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीटला बसता येते, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये मान्य केले. गणिताचे तसे नाही. बीजगणित हातात नसेल तर कलनशास्त्र समोर ठेवून उपयोग नाही, आणि रोजचा सराव तुटला की मागची पायरीही डगमगते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला बारावीचे गणित मागतात, ते याच कारणाने. लेखनही याच जातीचे आहे. विचार वाक्यात बसवण्याचा सराव वर्षानुवर्षांचा असतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याचा क्लास लावून भागत नाही.

ज्याला गणित खरोखरच झेपत नाही त्याच्यावर ते लादावे, असे मी म्हणत नाही. पण ‘झेपत नाही’ हा निकाल पुष्कळदा एका वाईट वर्षाचा किंवा एका वाईट शिकवणीचा असतो, आणि तेवढ्यावर आयुष्यभरासाठी विषय सोडणे हा अन्याय आहे.

आपल्या मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असे छापलेले आहे. तरी कला शाखेत गणित शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी शोधून पाहा. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत काढायची म्हटली. ती काढायची तर सुरुवात कला शाखेतल्या गणिताच्या या एका तासिकेपासून व्हायला हवी. तोवर पालकांनी अर्ज भरताना ‘कोणती शाखा?’ याआधी विचारावे : या दोन वर्षांत गणित चालू राहील का, आणि मूल आठवड्यातून एकदा तरी स्वतःचे सलग काही लिहील का? या दोहोंचे उत्तर ‘हो’ असेल, तर शाखेची चिंता बरीचशी निराधार आहे.