सैल माप

हैदराबादच्या सुलतान बाजारात एका मराठी गृहस्थांचं कापडाचं दुकान होतं. अस्तर, परकराचं कापड, ब्लाउजपीस असा साधा माल. दुकान लहान, पण गिऱ्हाईक जुनं. सगळे त्यांना काका म्हणत.

काका कापड मोजताना ते ताणत नसत. लोखंडी पट्टीवर कापड ओढून धरलं की दर मीटरला बोटभर वाचतं, हे बाजारातल्या प्रत्येक पोऱ्याला ठाऊक होतं. नवा पोऱ्या कामाला लागला की काका त्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगत, "सैल सोडून मोज. ताणलेलं पहिल्या धुण्यात गिऱ्हाइकाला कळतंच."

एके दिवशी एक तरुण इंजिनियर रस्ता रुंद करायचा म्हणून मोजायला आला. त्याने दुकानांच्या भिंतींवर लाल खुणा केल्या. काकांच्या दुकानात खूण उंबऱ्यापासून पाच फूट आत गेली. बाजारात गलका झाला. मेट्रोच्या वेळी याच व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता. तरी 7 फेब्रुवारी 2020 ला जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक ही मेट्रो सुरू झाली, आणि ती बाजारावरूनच गेली. आता पुन्हा हातोडा येणार म्हणून माणसं चिडली होती.

काका चिडले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "साहेब, मोजलंत काय काय?"

"गाड्या. संध्याकाळच्या गर्दीतल्या. कोठीहून बडी चावडीला पोचायला लागणारा वेळ बराच कमी होईल."

"आणि मेट्रोतून उतरून चालत येतात, त्या बायका?"

"तो रकाना नाही, सेठजी."

"मग माप ताणलेलं आहे," काका म्हणाले. "उद्या सकाळपासून माझ्या पायरीवर बसा. सैल सोडून मोजा."

इंजिनियर तरुण होता, म्हणून कदाचित, पण आला.

सकाळी विवेक वर्धिनी शाळेत जाणारी मुलं गाड्यांमधून वाट काढत गेली. मग दुकानाच्या छपराखाली गजरेवाली येऊन बसली. उन्हं चढली तसे हमाल त्याच सावलीत पाणी प्यायला थांबले. दुपारी मेट्रोतून बायका उतरल्या. लग्नाची यादी घेऊन आलेली एक आई आणि तिच्या दोन लेकी तीन दुकानं फिरल्या, गजरे घेतले, पायरीवर टेकल्या. इंजिनियर लिहीत होता. त्याच्या पहिल्या कागदावर यातलं कुणीच नव्हतं.

ऊन कलल्यावर एक रिक्षा अडकली. आत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई होती. सरकारी प्रसूती रुग्णालय अगदी जवळ, पण रिक्षा हलेना. काका स्वतः रस्त्यावर उतरले. त्यांनी स्कूटर ओढल्या, हातगाडी मागे लोटली, रिक्षा काढून दिली. घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले, "हे तुमच्या बाजूला लिहा."

"लिहितो," इंजिनियर हळूच म्हणाला. "रिक्षा कशाला अडली, तेही लिहू?"

रिक्षा काकांच्याच दुकानासमोर अडली होती. साड्या नेसवलेले दोन पुतळे रस्त्यावर उभे होते आणि त्यांच्या पुढे गिऱ्हाइकांच्या स्कूटर. काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली आणि पुतळे आत घ्यायला लावले. रस्ता तिथे दोन फूट रुंद झाला. शेजारचे दुकानदार काकांशी बरेच दिवस बोलले नाहीत.

पुढे एका सकाळी काका इंजिनियरला पत्थरगट्टीच्या बाजारात घेऊन गेले. 1908 मध्ये मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर 1912 साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. त्या काळात इथला रस्ता रुंद झाला, आणि दोन्ही अंगांना दगडी कमानींची दुकानं उभी राहिली.

"पण इथंही गाड्या तुंबल्यातच," इंजिनियर म्हणाला.

"हौ. जागा झाली की गाड्या येतातच. पण बांधणाऱ्याने पायी चालणाऱ्याला कमानीखाली सावली ठेवली ना?" तिथंही दुकानदारांनी माल मांडून ठेवला होता, ही गोष्ट वेगळी.

इंजिनियरने अहवाल पुन्हा लिहिला. पाच फुटांऐवजी तीन फूट, आधी पदपथ, माल उतरवायला पहाटेची वेळ, स्कूटरना वेगळी जागा. वरच्या साहेबांनी काही ठेवलं, काही खोडलं. तीन फूट राहिले. पदपथ राहिला, पण अरुंद झाला.

रस्ता रुंद झाला की सुटका पुढे जाणाऱ्याची होते आणि किंमत थांबणाऱ्याला पडते. मात्र ही दोन माणसं नेहमी वेगळी नसतात. आज रिक्षात कळा सोसणारी बाई काल याच पायरीवर टेकून कापड निवडत असेल. म्हणून एकाच बाजूने केलेली बेरीज, आकडे खरे असले तरी, कमीच भरते.

नुकसानभरपाईच्या यादीत मालकांची नावं होती, भाडेकरूंची होती. गजरेवाली यातली कुणीच नव्हती. छप्पर उतरवलं त्या दिवशी तिची सावली गेली, आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही.

काकांनी आपल्या पैशांच्या कागदावर सही केली आणि इंजिनियरला विचारलं, "हिचं काय?"

त्याने सांगितलं, 2014 सालापासून पथविक्रेत्यांसाठी कायदा आहे. त्यांची पाहणी करून दाखला द्यायचा असतो. हिच्याजवळ दाखला नव्हता. तो काढायचा असतो हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

मग तिघं मिळून अर्ज भरायला गेली. अर्जात व्यवसायाची जागा लिहायची होती. गजरेवाली काकांकडे बघायला लागली. काकांनी पेन घेतलं, आपल्या दुकानाचा नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं, 'समोरची पायरी.'