वेदीवरून उठून बांधावर

वाचन : मत्तय ५:२३-२४, लूक १९:१-१०

रविवारच्या उपासनेतला पापांगीकार दोन मिनिटांत आटोपतो. सगळे एका सुरात म्हणतात, त्यामुळे त्यात कुणाचंच नाव येत नाही, ना करणाऱ्याचं, ना सोसणाऱ्याचं. देवापुढे पाप कबूल करणं तसं सोपं. त्याला ते आधीच ठाऊक असतं. जड जातं ते पलीकडच्या शेतवाल्याला सांगणं, की दादा, दरसाल नांगरटीच्या वेळी मी तुमचा बांध कोरत आलो.

हा विषय तलाठ्याचा, मंडळीचा नव्हे, असं आपण समजतो. शास्त्र तसं समजत नाही. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप आणि त्यावर सगळ्या लोकांचं ‘आमेन’, असं अनुवाद २७ मध्ये आहे. गणना ५ मध्ये तर रीतही दिली आहे : कबुली द्या, घेतलेलं पुरतं परत करा, वर पाचवा हिस्सा घाला.

इथे कुणीतरी दाविदाला पुढे करतो. आपण फक्त देवाविरुद्ध पाप केलं, असं स्तोत्र ५१ मध्ये तो म्हणतो ना? म्हणतो. पण तोवर उरीया मेलेला होता; ज्याच्या दारी जायचं तो माणूसच दाविदाने ठेवला नव्हता. आणि नाथानाने गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा चौपट भरपाईचा निवाडा दाविदाच्याच तोंडून निघाला. जक्कय जकातदारही चौपटच देऊ करतो. मेंढरू चोरून कापणाऱ्याला नियमशास्त्राने लावलेलं हेच माप.

मात्र जक्कयाच्या गोष्टीतला क्रम पाहावा. येशू त्याच्या घरी उतरला तो परतफेड झाल्यावर नव्हे, आधी. गाव कुरकुरलं तेही त्यामुळेच. परतफेडीने क्षमा विकत मिळत नाही. क्षमा मिळालेल्याचा हात आपणहून कनवटीला जातो. जात नसेल, तर आपल्याला नेमकं काय मिळालं आहे ते तपासावं. जळगाव-धुळ्यातले कॅथलिक बंधुभगिनी नाशिक धर्मप्रांतातले. त्यांच्याकडे धर्मगुरूपुढे पापनिवेदन होतं, पण पापमुक्तीचे शब्द ऐकले म्हणून चोरलेली वस्तू आपली होत नाही, अशीच तिथलीही शिकवण आहे.

जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन आलं. रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शांतपणे समजावून सांगत होत्या आणि मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडून पापं पदरी घेऊ लागल्या. सांगणारे त्या अश्रूंबद्दल फार सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती मुक्तीतली राहणी. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या. जेवण, काम, झोप सगळं एकत्र. आज कबुली दिली, तरी उद्या त्याच मैत्रिणींबरोबर पाणी शेंदायचं होतं. आपल्यासारखं उपासना संपली की घरी निघून जाणं त्यांना शक्य नव्हतं.

आता दुसरी बाजू. क्षमा करणाऱ्याचं ओझं आपण फार हलकं समजतो. मत्तय १८ मधल्या दाखल्यात राजा दहा हजार तालान्त सोडतो आणि तोच चाकर सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. शंभर दिनार म्हणजे क्षुल्लक रक्कम, असं प्रवचनातून सांगितलं जातं. पण दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दिवसांचा घाम सोडून द्यायला येशू सांगतो आहे. राजाने सोडलेल्यापुढे ते काहीच नाही हे खरं, पण सोडणाऱ्याच्या घरात त्याची उणीव भासतेच. म्हणून मार खाल्लेल्या बाईला ‘झालं गेलं विसर, तू विश्वासी आहेस’ असं सांगायला चार वडीलधारे जमतात आणि नवऱ्याच्या तोंडून एक शब्द वदवत नाहीत, त्याला मी समेट म्हणणार नाही. ती मंडळीने केलेली सारवासारव आहे. क्षमा तिने द्यायची ती तिच्या वेळेने; त्याची कबुली मात्र आजच व्हायला हवी.

आपल्या खानदेशात आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं. उचल वजा होते, खाडे कापले जातात आणि वही मालकाच्याच हाती असते. कापून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असं याकोब पाचव्या अध्यायात बजावतो. ज्यांच्या शेतावर सालदार आहे त्यांनी या आठवड्यात, प्रभुभोजनाला बसण्याआधी, ती वही त्याच्यादेखत उघडावी. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवावं, आणि आजारपणाचे खाडे कापले असतील तर ते पैसे त्याच दिवशी हातावर ठेवावेत.