बिघडलेला नाही, तरी जुना

“फोन लागतो. आवाज येतो. फोटो निघतो. मग तो जुना झाला, हे ठरवलं कुणी?” काकूंनी विचारलं.

नशिराबादच्या घरी हा वाद उन्हाळ्यापासून चालू आहे. फोन २०१९ सालचा. त्याची बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हप्त्यावर नवा घ्यायला सांगितलं. काकूंनी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून बॅटरी बदलून आणली आणि फोन पुन्हा दिवसभर चालू लागला.

“इथपर्यंत मी तुमच्याच बाजूनं आहे,” मी म्हटलं. “आपल्याकडे फोन उन्हानं थकतो, आणि थकते ती बॅटरी. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी तापली की आत एक थर जाड होत जातो आणि लिथियम त्यात अडकून पडतं. गेलेली ताकद परत येत नाही. पण बाकीचा फोन धडधाकट असतो.”

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनचं काय होत असेल, याचा विचार आपण करत नाही. काकू आता ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार्जर काढतात, चार्ज करताना कव्हर काढून ठेवतात, शेतात फोन सावलीत ठेवतात. (बॅटरी फुगली असेल तर मात्र काटकसर बाजूला ठेवावी, ती एक दिवसही वापरू नये.) शिवाय फोनपायी होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. काँगोतल्या खाणीतून कोबाल्ट निघतं, कारखान्यात चिप बनते, तेव्हाच. म्हणून हातातला फोन आणखी दोन वर्षं चालवणं हे नवा ‘पर्यावरणपूरक’ फोन घेण्यापेक्षा बहुतेक वेळा चांगलं.

“मग भांडतोस कशाला?”

“अपडेटसाठी. तुमच्या फोनला सुरक्षेचं अपडेट येणं कधीच थांबलंय.”

“दार जुनं झालं म्हणून चोर येतो का?”

“जुनं झालं म्हणून नाही, कुलपातली खोट जाहीर झाली म्हणून येतो. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी गूगल दर महिन्याला प्रसिद्ध करतं. ज्या फोनला अपडेट मिळतं त्याची खोट बुजते. तुमच्या फोनची तशीच राहते, आणि यादी चोरही वाचतो.”

“माझ्या खात्यात असं काय आहे चोरायला?”

“तुमचंच असतं तर मी बोललो नसतो. बचत गटाच्या बायका महिन्याचा हप्ता तुमच्या फोनवर पाठवतात आणि मग तुम्ही तो बँकेत भरता.”

काकू जरा थांबल्या. पण त्या हरल्या नव्हत्या.

“म्हणजे कर्ज काढून नवा घेतला तर मी जबाबदार बाई, आणि दुरुस्त करून वापरला तर बेजबाबदार? अपडेट कंपनीनं बंद केलं. त्यात माझी चूक कोणती?”

चूक त्यांची नाहीच. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे: फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचं, सात वर्षं सुटे भाग पुरवायचे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण पोर्टलवर माहिती मिळते, अपडेट मिळत नाही. काकूंनी वस्तू सांभाळण्यातला आपला वाटा उचलला, बनवणाऱ्यानं त्याचा वाटा मध्येच टाकून दिला. या गोष्टीची चीड मला मनापासून येते.

तरीही मी म्हटलं, “चूक तुमची नाही, पण पैसे बायकांचे आहेत. जोखीम त्यांच्यावर पडतेय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.”

“मग व्यवहार जाऊबाईंच्या फोनवर टाकते. त्यांचा नवा आहे.”

“त्यांनी का उचलावं? काटकसर तुमची आणि ओझं त्यांचं.”

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मलाही पुढचं सुचत नव्हतं. फोनमध्ये दुसरी प्रणाली टाकून त्याचं आयुष्य वाढवणारे लोक आहेत. पण अशा फोनवर बँकांची अ‍ॅप पुष्कळदा चालायलाच नकार देतात. म्हणजे स्वतःच्या हिकमतीनं निघालेली वाटही नेमकी पैशापाशी अडते.

शेवटी काकूच म्हणाल्या, “तू मला विचारतोस, मी तुला विचारते. विचारायला हवं गटाला. बैठकीत सांगते: माझा फोन असा असा आहे. हप्ता रोख आणून द्या, मी वहीत लिहीन, सही घेईन. नाहीतर ज्यांचा फोन चांगला त्यांनी हे काम घ्या, राजीखुशीनं. आणि फोनमधून बँकेचं अ‍ॅप मी आजच काढते.”

“आणि गटानंच म्हटलं, नवा फोन घ्या, तर?”

“तर गटाच्या पैशातून तो गटाचा होईल. माझा हाच राहील.”

“ई-पीक पाहणीचं काय? उद्या त्या अ‍ॅपनंही तुमचा फोन नाकारला तर?”

हा प्रश्न पोकळ नव्हता. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः शिवारात उभं राहून, फोटो काढून करायची आहे. नुकसानभरपाईच्या वेळी ती नोंद बघितली जाते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून सध्या निभावतं.

“सरकारला माझा कापूस बघायचा आहे,” काकू म्हणाल्या, “माझा फोन नाही. फोन चालला नाही तर तलाठ्याला वावरात बोलावीन. तेवढं तरी त्यानं यावं.”