घराच्या वाट्याचा तुकडा

ग्रीसमध्ये १ जानेवारीला घरोघरी एक गोल पाव कापतात. त्याचं नाव वासिलोपिता, म्हणजे संत वासिलिओसचा पाव. आत एक नाणं लपवलेलं असतं, त्याला फ्लुरी म्हणतात. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचं वर्ष भरभराटीचं जाणार, अशी समजूत. घरातला कर्ता माणूस सुरीने पावावर तीनदा क्रूस काढतो आणि नावं घेत तुकडे पाडू लागतो. पहिला ख्रिस्ताचा, दुसरा मरियामातेचा, बऱ्याच घरांत तिसरा संत वासिलिओसचा. मग घराचा. त्यानंतर थोरल्यांपासून शेंडेफळापर्यंत माणसांचे, परगावी किंवा परदेशी असलेल्यांचे, आणि शेवटी दारी येणाऱ्या गरिबाचा. क्रम गावोगाव थोडा बदलतो, पण घराचा तुकडा सहसा कोणी विसरत नाही. नव्या जागेतला पहिलाच जानेवारी असेल तर नाहीच नाही.

ख्रिस्ताचा आणि संताचा वाटा समजतो, माणसांचा तर समजतोच. पण दगडविटांच्या घराला पाव कशाला? आपल्याकडे वास्तुपुरुष आहे, त्याला नैवेद्य पोचतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धेत घराला असा कोणी अधिष्ठाता नाही. नव्या घरात धर्मगुरू येऊन ‘आयियास्मोस’ करतो: पाण्यावर प्रार्थना म्हणतो आणि सब्जाच्या जुडीने ते खोल्याखोल्यांतून शिंपडतो. त्या प्रार्थनेत आशीर्वाद मागितला जातो तो मुख्यतः घरात राहणाऱ्यांसाठी. भिंतींना भूक असते असं तिथला कोणताही धर्मपंडित म्हणणार नाही.

ज्याच्या नावाने पाव भाजला जातो, तो वासिलिओस तर घराचं कौतुक करणाऱ्यांतला मुळीच नव्हता. साधारण ३३० साली जन्मलेला हा माणूस ३७० मध्ये कपादोकियातल्या कैसरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचा, बिशप झाला आणि परंपरेप्रमाणे १ जानेवारी ३७९ रोजी वारला. श्रीमंतांना उद्देशून त्याने दिलेली प्रवचनं आजही अंगावर येतात. संगमरवरी भिंती आणि नक्षीदार जमिनी यांच्यावर त्याचा खास राग. भिंतींना नटवता आणि माणसाला उघडं ठेवता, असा त्याचा सवाल. कोठारं पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्याची कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. तिच्यावर बोलताना तो नाट्यगृहाचा दाखला देतो. आधी येऊन जागा धरली म्हणून पुढच्यांना आत येऊच न देणारा प्रेक्षक आणि सगळ्यांसाठी असलेली जमीन बळकावून बसलेला धनी, त्याच्या लेखी दोघे सारखेच. हा नाट्यगृहाचा दाखला ख्रिस्ती धर्माहून जुना, ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांचा. वासिलिओस अथेन्समध्ये शिकलेला होता, त्यामुळे तो त्याच्या हाताशी असणारच.

नुसतं बोलून तो थांबला नाही. ३६८-६९ च्या सुमारास कपादोकियात दुष्काळ पडला. तेव्हा त्याने भुकेल्यांना एकत्र बसवून कडधान्याच्या कढणाची भांडी त्यांच्यापुढे मांडली, असं त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी श्रद्धांजलीच्या भाषणात सांगतो. पुढे कैसरियाच्या वेशीबाहेर त्याने महारोगी, आजारी आणि वाटसरू यांच्यासाठी इमारतींचा एक समूहच उभारला. ग्रेगरी त्याला नवं शहरच म्हणतो. म्हणजे वासिलिओसने घरं बांधली ती ज्यांना घर नव्हतं त्यांच्यासाठी.

पावातलं नाणं मात्र दंतकथेतून आलं. शहरावर जुलमी कर लादला गेला, लोकांनी दागिने आणि नाणी गोळा केली, आणि मग संकट टळलं. आता कोणाचं काय हे कसं ओळखायचं? वासिलिओसने सगळं पावांमध्ये भाजून वाटलं, आणि ज्याचं त्याला बरोबर मिळालं. कर मागणारा कोणी म्हणतं सुभेदार, कोणी म्हणतं सम्राट जुलियन. गोष्ट गोड आहे, पण तिला इतिहास म्हणता येत नाही. मार्गारेट हॅसलक यांनी १९२७ मध्ये ‘फोकलोर’ या नियतकालिकात या पावावर लेख लिहिला, तेव्हापासून अभ्यासकही त्याच्या मुळांचा शोध घेत आले आहेत. रोमन लोक सॅटर्नेलियाच्या सणात चिठ्ठ्या टाकून उत्सवापुरता राजा निवडत, त्याच्याशी या नाण्याचं नातं जोडलं जातं. वर्षारंभी नशीब पाहण्याच्या खोडीवर चर्चचे जुने आचार्य चिडलेलेच होते. योहान ख्रिसोस्तोमने अँटिओकमध्ये नववर्षाच्या उत्सवाविरुद्ध प्रवचन दिलं. पहिला दिवस मजेत गेला म्हणून वर्ष चांगलं जात नाही, ते वागणुकीने चांगलं होतं, असा त्याचा रोख.

मग चर्चने नाणं सोडलं का नाही? कारण चिठ्ठीला तिथे पूर्ण मज्जाव कधीच नव्हता. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. १९१७ मध्ये मॉस्कोचा पॅट्रिआर्क तिखोन असाच निवडला गेला. ४ नोव्हेंबर २०१२ रोजी कैरोत डोळे बांधलेल्या मुलाने काचेच्या पात्रातून चिठ्ठी काढली आणि तवाद्रोस कॉप्टिक चर्चचे पोप म्हणून निवडले गेले. चिठ्ठी टाकली की निवड करणाऱ्या माणसाचा हात मध्ये येत नाही. जे मिळालं ते आपल्या हुशारीने मिळालं, असं म्हणायची सोय उरत नाही. श्रीमंतांना वासिलिओस हेच तर ऐकवत होता.

नाणं घराच्या तुकड्यात निघालं की ते सगळ्या कुटुंबाचं. ख्रिस्ताच्या किंवा मरियामातेच्या तुकड्यात निघालं तर अनेक घरांत ते चर्चला किंवा गरिबाला जातं. खरी गंमत सुरी नाण्यावरच अडकते तेव्हा. नाण्याचा मोठा भाग ज्याच्या बाजूला, त्याचा हक्क. मग आजोबा चष्मा लावून निवाडा करायला पुढे सरसावतात.

घराच्या तुकड्याचा सर्वात अवघड अर्थ १९२३ नंतरच्या ग्रीसमध्ये दिसतो. लोझानच्या कराराने ठरलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तुर्कस्तानातले सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे गेले. आलेल्यांत वासिलिओसच्या कपादोकियातले लोकही होते. गेलवेरी गावचे लोक वासिलिओसच्या त्याच मित्राचे, ग्रेगरीचे, अवशेष बरोबर घेऊन आले आणि कावाला शहराजवळ निआ कारवालीत वसले. अनेक निर्वासितांना मुसलमानांनी रिकामी केलेली घरं मिळाली. अशा घरात बसून पहिल्या जानेवारीला ‘हा घराचा’ म्हणताना तुकडा नक्की कोणाचा होत असेल? चूल पेटवणाऱ्यांचा, की चूल विझवून गेलेल्यांचा? घर नावाची वस्तू मालकाच्या सातबाऱ्यात मावत नाही. वासिलिओसचा मुद्दा त्या घरांमध्ये प्रवचनाशिवाय समजला असावा.

पाव करणं तसं सोपं. अर्धा किलो मैद्याला तीन अंडी, शे-दीडशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम लोणी, कोमट दूध, यीस्ट आणि संत्र्याची किसलेली साल. खरा वास दोन गोष्टींचा. माहलेपी म्हणजे रानचेरीच्या बीचा गर, आणि मास्तिहा म्हणजे खिओस बेटाच्या दक्षिणेला झाडांच्या सालीतून ठिबकणारा डिंक. तो खलात चिकटतो, म्हणून चिमूटभर साखर घालून कुटतात. पीठ दोनदा फुगू देतात, आणि वर सोललेल्या बदामांनी नव्या वर्षाचा आकडा लिहितात. नाणं फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेल्या पावाच्या बुडातून सरकवलं तरी चालतं. फक्त पोरांना आधी बजावून ठेवावं, नाहीतर वर्षाची सुरुवात दाताच्या डॉक्टरकडे. उत्तर ग्रीसमध्ये हाच पदार्थ चीज किंवा मांस घातलेल्या पापुद्र्यांचा, चक्क तिखटामिठाचाही करतात.

हल्ली कार्यालयं, फुटबॉल संघ आणि राजकीय पक्षही जानेवारीभर, कधी फेब्रुवारीतही वासिलोपिता कापतात. नाण्याबरोबर बक्षिसं असतात, फोटो निघतात. गरिबाचा तुकडा मात्र बऱ्याच ठिकाणी नावापुरताच. तो कापायचा आणि तासाभराने कॉफीबरोबर आपणच खायचा, हा शुद्ध लबाडपणा आहे. यादीतला हा एक तुकडा खोटा निघाला, की घराच्या तुकड्यालाही काही अर्थ राहत नाही. तो नुसता वास्तूचा लाड ठरतो, आणि त्यावर वासिलिओसचं म्हणणं आपण ऐकलंच आहे. अमेरिकेतल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या फिलोप्तोखोस या महिला संघटनेने यावर साधा उपाय काढला. वासिलोपिता कापताना तिच्या सदस्या वर्गणी गोळा करतात. ते पैसे न्यूयॉर्क राज्यातल्या गॅरिसन इथे १९४४ मध्ये निराधार मुलांसाठी सुरू झालेल्या सेंट बेसिल अकादमीला जातात.