मापाचीं भांडीं व न्यायाचा वांटा

एक जुनें कोडें आहे. घागरींत आठ शेर पाणी आहे. जवळ पांच शेरांची कळशी व तीन शेरांची चरवी आहे. दुसरें माप नाहीं. हें पाणी दोन घरांस समसमान वांटून द्यावयाचें आहे. पायली असती तर प्रश्नच नव्हता, कारण पायली म्हणजे चार शेर. 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू शेर-पायलीच्या जागीं लिटर आला, तरी कोडें तेंच राहिलें आहे.

आम्हांस वाटतें कीं, हा प्रश्न केवळ मुलांच्या करमणुकीचा नव्हे. साधनें अपुरीं असतां चोख न्याय करितां येतो काय, कीं अदमासावरच समाधान मानावें, असा हा प्रश्न आहे.

प्रथम उत्तर पाहूं. घागरींतून कळशी भरावी व कळशीनें चरवी भरावी. कळशींत दोन शेर उरतात. चरवी घागरींत रिती करून ते दोन शेर चरवींत घालावे. पुन्हां कळशी भरावी. चरवींत आतां एकाच शेराची जागा आहे; ती कळशीनें भरून काढावी. कळशींत चार शेर राहिले. चरवी घागरींत ओततांच तेथेंही चार शेर झाले. एक थेंबही वायां गेला नाहीं.

ह्यांतील मर्म लक्षांत घ्यावें. येथें डोळ्याच्या अंदाजास कोठेंही थारा नाहीं. भांडें एक तर पूर्ण भरलें किंवा पूर्ण रितें झालें, एवढ्यावरच भिस्त आहे. भांड्यांचीं मापें मात्र खरीं पाहिजेत. चरवीस पोंचा पडला असेल तर सर्व हिशेब खोटा ठरेल. शिवाय भरलेली चरवी दोनदां परत ओतावी लागली. उतावळा मनुष्य म्हणेल, "भरलेलें पुन्हां काय ओततां?" परंतु तें ओतणें म्हणजे माघार नव्हे, त्यावांचून वांटा जुळत नाहीं.

तर मग धीर धरिला म्हणजे सर्व कांहीं साधतें काय? नाहीं. घागर दहा शेरांची, कळशी सहांची व चरवी चारांची घ्या, आणि पांच पांच शेर करावयास सांगा. जन्मभर ओतलें तरी तें होणार नाहीं. तिन्ही मापें सम आहेत. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून विषम संख्या निघणार कोठून?

भास्कराचार्यांनीं 1150 सालच्या लीलावतींत कुट्टक नांवाचें गणित दिलें आहे, तें ह्याच जातीचें. पांचाची कळशी दोनदां भरली, तिहींची चरवी दोनदां रिती केली. दहांतून सहा गेले, चार राहिले. तेथेंच त्यांनीं सांगितलें आहे कीं, दोन्ही मूळ संख्यांस ज्या अंकानें भाग जातो त्यानें तिसरीस जात नसेल, तर तो प्रश्नच सदोष समजावा. म्हणजे दोष सोडविणाऱ्याचा नव्हे, प्रश्नाचा.

हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्याला जें साधन दिलेंच नाहीं त्याचें फळ त्याजकडून मागणें आणि तें न मिळाल्यास त्याला आळशी म्हणणें, हा अन्याय होय. उलट, हिशेब न करितांच "हें होणें नाहीं" म्हणून हात झाडणें हाही आळसच. आणि साडेपांचास पांच म्हणून खपविणें ही तर लबाडी. खरा मार्ग असा कीं, आधीं प्रश्न तपासावा; तो सुटण्याजोगा असेल तर धीरानें ओतावें, नसेल तर दुसरें भांडें आणावें किंवा मागणीच बदलावी.

मागणी बदलण्याचें उदाहरण आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें पडलेला पाऊस मोजितात व ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडितात. माणसें व जनावरें यांच्या पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, उरल्या पाण्यांत कोणतीं पिकें बसतात तें ठरवितात. उसासारख्या तहानलेल्या पिकास तेथें मनाई आहे. हें काम उभें करणारे पोपटराव पवार यांस 2020 सालीं पद्मश्री जाहीर झाली. आभाळाची घागर मोठी करणें त्या गांवाच्या हातीं नव्हतें, "उसास पाणी कोठून आणावें?" हा प्रश्न टाकून "ह्या पाण्यांत काय पिकेल?" हा प्रश्न त्यांनीं घेतला.

शिक्षकांनीं हें कोडें खरीं भांडीं घेऊन मुलांकडून करवून घ्यावें. सुटणारेंही व न सुटणारेंही. आणि वाचकहो, घरीं किंवा पंचांपुढें वांटणीची तक्रार येईल तेव्हां आवाज चढण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: आपलीं मापें खरीं आहेत काय, आणि मागितलेला वांटा त्या मापांनीं निघण्याजोगा आहे काय? पुष्कळ भांडणें येथेंच मिटतील.