रस्त्यांच्या नावाने मागितलेला कर

लोहमार्गाच्या देखभालीत माझी नोकरी झाली, आणि तिचा मोठा काळ बडनेऱ्यात गेला. इथून एक मार्ग भुसावळकडे जातो, दुसरा नागपूरकडे, तिसरा अमरावतीकडे. या मार्गांखालची जमीन वऱ्हाडची काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर रूळ सरळ ठेवायचे, तर त्यांच्याकडे रोज पाहावे लागते. ठरलेल्या अंतरावर एक कीमॅन रोज पायी फिरतो, सैल झालेली चावी ठोकतो आणि दिसलेला दोष कळवतो. पावसाळ्याच्या रात्री गस्त असते. कोणता तुकडा कोणत्या गँगचा, खडी केव्हा चाळली, रूळ केव्हा बदलला, याची नोंद वहीत असते. बिघाड झाला की सर्वप्रथम ती वही उघडली जाते. देखभाल हे नित्यकर्म आहे आणि नित्यकर्माला कर्त्याचे नाव असावे लागते, एवढी समज त्या नोकरीने मला दिली.

निवृत्तीनंतर गावातल्या रस्त्यांकडे मी त्याच दृष्टीने पाहू लागलो. रस्ता एका दिवसात खराब होत नाही. नालीतले पाणी रस्त्यावर येते आणि डांबराखालची भर भिजते. जड वाहन गेले की पृष्ठभाग खचतो, आणि पुढच्या पावसात तिथे खड्डा पडतो. नळजोडणीसाठी किंवा केबलसाठी कोणी आडवा चर खणतो, तो नुसत्या मातीने बुजवला जातो, आणि तिथूनच रस्ता उखडू लागतो. मग पाऊस थोडा उघडला की गिट्टी, चुरी आणि डांबर टाकून खड्डे बुजवतात. पाण्याची वाट मात्र मोकळी केली जात नाही, त्यामुळे तोच खड्डा त्याच जागी पुन्हा उघडतो. बुजवण्याचा खर्च दर वर्षी होतो आणि दुरुस्ती कोणत्याही वर्षी होत नाही.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ पहाटे दुचाकीवरून स्टेशनकडे निघाले असता पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. उपचारात त्यांची बचत संपली आणि मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले. त्यांनी तक्रार केली नाही. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘काका, कोणाच्या नावानं तक्रार करू? रस्ता कोनाचा हाय, हेच तं मालूम नाई.’’ या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. दुःख सोसणारा माणूस जबाबदार कोण हेही ओळखू शकत नसेल, तर त्या व्यवस्थेतला मूळ दोष पैशाच्या कमतरतेचा म्हणता येत नाही.

बडनेरा जिच्या हद्दीत येते त्या अमरावती महानगरपालिकेने मालमत्तांचे नव्याने मूल्यांकन केले आणि 2023 मध्ये वाढीव कराच्या नोटिसा घरोघरी येऊ लागल्या. शहरात आणि बडनेऱ्यात विरोध झाला. त्या चर्चांत वाढीच्या बाजूने एक प्रश्न वारंवार विचारला जाई : रस्ते चांगले हवेत ना, मग पैसा कुठून येणार? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे करवाढीला विरोध करणाऱ्याचे कर्तव्य आहे. माझा विरोध होता आणि आजही आहे. त्यामागची कारणे मी इथे मांडतो.

घरपट्टीतून आलेला पैसा महानगरपालिकेच्या सर्वसाधारण निधीत जातो. त्या निधीतून वेतन, निवृत्तिवेतन, दिवाबत्ती, सफाई, कर्जफेड हे सर्व भागवायचे असते. तेव्हा रस्त्यांचे नाव सांगून वाढवलेला कर रस्त्यांवरच खर्च होईल, अशी कोणतीही हमी त्या नोटिशीत नसते. रस्त्यांसाठी कर घ्यायचाच, तर तो रस्त्यांशी बांधून घ्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1927 साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारींमुळे रस्ते झिजतात, म्हणून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि त्याचे उत्पन्न वेगळ्या निधीत ठेवून रस्त्यांवरच खर्च करावे, अशी शिफारस या समितीने केली. 1929 मध्ये पेट्रोलवर दर गॅलनला दोन आण्यांची वाढ झाली आणि केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला. परकीय सत्तेच्या काळातही कर आणि त्याचे प्रयोजन यांची गाठ एका मराठी विधिज्ञाच्या समितीने अशी बांधली होती. आपल्याच निवडलेल्या संस्थेकडून तेवढी गाठ मागणे अवाजवी ठरू नये.

नागरिक रस्त्यांसाठी आज काही देतच नाही, असेही नाही. वाहन घेताना तो वाहनकर भरतो. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर देतो. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, आणि 2017 पासून वस्तू व सेवा कराच्या बदल्यात राज्य शासन महानगरपालिकांना भरपाई देते. इथे दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. या साखळीत शहराची स्वतःची मिळकत आटत गेली, आणि हक्काने वाढवता येईल असे साधन म्हणून मुख्यतः मालमत्ता करच हाती राहिला. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची आणि वसुली वाढवण्याची अट घातली. प्रशासनावर दडपण होते, हे खरे. परंतु वरून आलेले दडपण तसेच खाली घरमालकावर उतरवणे हा त्यावरचा न्याय्य उपाय ठरत नाही.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप प्रक्रियेवर आहे. महानगरपालिका अधिनियमानुसार कराचे दर दर वर्षी 20 फेब्रुवारीपूर्वी महापालिकेने ठरवायचे असतात, आणि त्या सभेत आपण निवडून दिलेले सदस्य बसलेले असतात. अमरावतीच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, कारभार प्रशासकांच्या हाती होता. मूल्यांकन, नोटिसा आणि सुनावण्या यांचा काळ याच अवधीत येतो. कायद्याने प्रशासकाला सभेचे अधिकार मिळतात. परंतु कर ही माणसाच्या कष्टार्जित द्रव्यातून घेतलेली मागणी आहे, आणि ती मागणाऱ्याला ‘का’ असे समोरासमोर विचारता येणे हा लोकशाहीचा प्राथमिक अर्थ आहे. ज्या काळात हे विचारायला जागाच नव्हती, त्या काळात ठरलेला वाढीव बोजा नव्या सभागृहाने जसाच्या तसा स्वीकारू नये.

रस्ते का टिकत नाहीत असे विचारले की, जमीनच अशी, त्याला काय करणार, असे पुष्कळदा ऐकू येते. बडनेऱ्याजवळच्या लोणीपासून मूर्तिजापूरजवळच्या मानापर्यंत जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्गाचा, एका मार्गिकेच्या मापाने 75 किलोमीटरचा, पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. महामार्गाचा पैसा वेगळा, यंत्रणा वेगळी; त्या मापाने गल्लीतला रस्ता मोजणे अन्यायाचे होईल, हे मी जाणतो. तरीही तो पट्टा याच मातीच्या प्रदेशात, याच उन्हात झाला. नियोजन, सामग्री आणि उत्तरदायित्व एकत्र आले की काय साधते हे आमच्या दारापासून काही किलोमीटरवर दिसून चुकले आहे. मातीला दोष देण्याची सोय त्यानंतर उरलेली नाही.

करदाता आणि महापालिका यांच्या जबाबदारीत एक विषमताही आहे. घरपट्टी मुदतीत भरली नाही तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध, दोन खोल्यांच्या घरात राहणारी विधवा, स्टेशनबाहेर हातगाडी लावणारा, या सर्वांना ती सारखीच लागते. रस्त्यांची देखभाल हे त्याच अधिनियमात महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. ते चुकले तर काय, याचे उत्तर बराच काळ कोणी दिले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ते दिले. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये, दुखापतीस 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल व्हावी, असा तो आदेश आहे. माझ्या शेजाऱ्याच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले ठोस उत्तर आहे.

करवाढीला विरोध करताना आपल्या वागणुकीचाही विचार केला पाहिजे. वर्षानुवर्षे थकबाकी ठेवून शास्तिमाफीची अभय योजना येण्याची वाट पाहणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांच्यामुळे वेळेवर भरणाऱ्याचा प्रामाणिकपणा निरर्थक ठरतो. नालीवर ओटा बांधून आपण पाण्याची वाट बुजवतो. परवानगीवाचून रात्रीतून रस्ता खोदून नळ घेतो. सणाच्या मंडपासाठी डांबरात खांब रोवतो आणि ती छिद्रे तशीच सोडतो. करवाढीला विरोध करण्याचा अधिकार, जो आजचा कर पूर्ण भरतो आणि नाली मोकळी ठेवतो, त्याच्या तोंडी शोभतो. मी स्वतः हरकत नोंदवली ती चालू वर्षाची पावती जोडून.

नव्या सभागृहातील सदस्यांना, आणि विशेषतः बडनेऱ्यातून निवडून आलेल्यांना, माझी विनंती आहे. करवाढीचा प्रस्ताव पुन्हा समोर येईल तेव्हा त्यावर मत देण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील रस्त्यांची वही मागवा : रस्ता कोणी केला, केव्हा केला, किती खर्च आला, कंत्राटदाराची दोषदुरुस्तीची मुदत कधी संपते, त्या मुदतीत त्याच्याकडून कोणते काम करून घेतले, आणि आज त्याच्या देखभालीस जबाबदार अधिकारी कोण. ती वही झोन कार्यालयात नागरिकांना पाहता येईल अशी ठेवा. थकबाकी आधी वसूल करा. त्यानंतरही पैसा कमी पडतो असे दिसले, तर वाढ रस्त्यांच्या स्वतंत्र निधीशी बांधून मागा. आम्ही ती देऊ. तोपर्यंत या वाढीला माझा विरोध कायम राहील.