आधी अर्थ, मग अक्षर

॥ श्री गणेशाय नमः ॥



श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी आपल्या मंदिरात गीतेच्या अठराव्या अध्यायावर मी चार शब्द बोलले. ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत असा समितीचा आग्रह झाला. मी शास्त्री-पंडित नाही. मुंबईत एमबीबीएस करून १९९३ साली या देशात आलेली एक डॉक्टर आहे, आणि गीता वाचते ती बरीचशी डॉक्टरच्या नजरेनेच. लिहायला बसले तेव्हा जाणवलं, की प्रवचनात बोलले त्यापेक्षा प्रवचनानंतर महाप्रसादाच्या रांगेत जे घडलं तेच जास्त मोलाचं होतं. म्हणून आज तेच सांगते. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रांगेत माझ्या मागे पस्तिशीतला एक मुलगा होता. आपल्या उत्सवांत खुर्च्या लावायला नेहमी पुढे असणाऱ्यांपैकी. तो हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणालात स्वधर्म सोडू नये. मी अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. म्हणजे मी ह्या नोकरीतच मरायचं का?"

"मरायचं" हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो. पण माझ्यासारखीच्या कानाला तो सहज जात नाही. मी ताट खाली ठेवलं, त्याला चपलांच्या मांडणीपाशी बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरतं, हा गैरसमज आहे, उलट विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, नाही, तसं नाही. फक्त कंटाळलोय. झोप येत नाही, मुलावर ओरडतो, महिनोन् महिने तबल्याला हात लावलेला नाही. (त्याचं उत्तर "हो" असतं तर हा लेख इथेच संपला असता आणि आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो असतो. या देशात जुलै २०२२ पासून ९८८ हा नंबर त्यासाठीच आहे, दिवसरात्र. फ्रिजवर लिहून ठेवा.)

"आणि हे घरी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. तिला उगीच टेन्शन."

मग मी त्याला अर्जुनाची आठवण करून दिली. आपण पहिला अध्याय पटापट उरकतो आणि दुसऱ्याकडे धावतो, पण त्यात अर्जुन आपल्या तक्रारी कशा क्रमाने सांगतो ते पाहा. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातातून गांडीव निसटतंय, कातडीची आग होते आहे, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. माझ्या दवाखान्यात असा माणूस आला तर मी आधी नाडी बघेन. आणि याच अवस्थेत तो एक मोठा निर्णय जाहीर करतो: हे काम नको, त्यापेक्षा भीक मागून खाईन. धंदा बदलायचा इतका स्पष्ट बेत दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथाच्या सुरुवातीलाच असेल असं मला वाटत नाही. आणि आपल्या परंपरेने त्या अध्यायाला नाव काय दिलं? विषादयोग. त्या खिन्नतेलासुद्धा योग म्हटलं, तिला लपवून ठेवलं नाही.

लोक म्हणतात, अर्जुन कामाला घाबरला. मला ते पटत नाही. त्याच्याआधी वर्षभर तो विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवत होता, आणि चांगला शिकवत होता. ज्याने जगातल्या सगळ्यात मोठ्या धनुर्धराचा मान शमीच्या झाडावर टांगून ठेवून घुंगरू बांधले, त्याला नवं काम करायची भीती असेल का? कृष्णालाही हे माहीत होतं. म्हणून तो सुरुवातीला रागावतो खरा, पण शिकवायला लागतो ते अर्जुन म्हणतो की मला कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य, मला सांग, त्यानंतरच. अर्जुनाचं भाग्य एवढंच, की रथात बोलायला माणूस होता आणि तो बोलला. आमचा हा मुलगा दोन वर्षं एकटाच रथ हाकत होता.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. स्वधर्माचा तो विचार गीतेत दोनदा आला आहे, तिसऱ्या अध्यायात पस्तिसाव्या श्लोकात आणि अठराव्यात सत्तेचाळिसाव्या. दुसऱ्याचं काम कितीही छान जमलं तरी त्यापेक्षा आपलं काम, त्यात उणीव असली तरी, बरं. आपल्याकडे याचा अर्थ शतकानुशतकं जन्माने पदरात पडलेलं काम असा लावला गेला. त्या अर्थाचं ओझं कोणाकोणाच्या पाठीवर पडलं, हे चोखोबांचं नाव घेणाऱ्या आपण तरी विसरू नये. आणि इथे परदेशात आजोबांचा व्यवसाय करणारा आपल्यातला कोण आहे? मग या श्लोकाचा आपल्या घरांत उपयोग कशाला होतो, तर मुलगा अभियांत्रिकी सोडतो म्हणाला की त्याला गप्प बसवायला. माझ्या वडिलांनीही तो मला ऐकवला होता. मला मराठी शिकवायचं होतं आणि मला गुण मेडिकलचे पडले होते! पण अठराव्या अध्यायातला तो श्लोक नीट वाचला तर तिथे शब्द जन्माचा नाही, स्वभावाचा आहे. स्वभावाने ठरलेलं कर्म. आईवडिलांनी ठरवलेलं नव्हे, शेजाऱ्याच्या पगाराने ठरलेलं नव्हे आणि विसाव्या वर्षी प्रवेशपरीक्षेच्या गुणांनी ठरलेलंही नव्हे.

त्याच्या लगेच पुढच्या, अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात एक दृष्टान्त आहे. धुराने जशी आग वेढलेली असते तसं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या दोषाने वेढलेलं असतं. त्या दिवशी प्रवचनात मी यावर दोनच वाक्यं बोलले होते. खरं तर त्यावरच बोलायला हवं होतं. कारण नोकरीत खूश नसलेल्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न हा आहे: माझ्या डोळ्यांत जातोय तो धूर आहे, की चुलीत आगच नाही?

माझंच सांगते. २००९ नंतर या देशात डॉक्टरांच्या टेबलावर झपाट्याने कॉम्प्युटर आले. समोर रुग्ण रडतोय आणि मी पडद्यावरच्या चौकोनात खुणा करतेय. पंधरा मिनिटांत एक याप्रमाणे माणसं बघायची, रात्री जेवण झाल्यावर उरलेल्या नोंदी पुऱ्या करायच्या. ज्या ठिकाणी काम करत होते तिथे महिन्याच्या शेवटी किती रुग्ण बघितले याचा तक्ता भिंतीवर लागायचा. मी डॉक्टरकीच सोडायची ठरवली होती. चिवडा-चकलीचा धंदा काढायचा, डबेसुद्धा बघून ठेवले होते. आमच्या ह्यांनी तेव्हा एकच गोष्ट विचारली: दिवसभरात असा एखादा तास असतो का, की जेव्हा तू घड्याळ बघत नाहीस? मला उत्तर द्यायला चार दिवस लागले. होता. जे रुग्ण बरे होणार नव्हते त्यांच्या खाटेपाशी बसायचे तेव्हा मी घड्याळ बघत नव्हते. आग होती. धूर मात्र इतका होता की ती दिसत नव्हती.

बरं न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करण्याची ती शाखा, पॅलिएटिव्ह मेडिसिन. इथे २००६ साली तिला वेगळी मान्यता मिळाली, आणि २०१२ नंतर एक वर्षाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिच्या परीक्षेला बसता येत नाही. २०१४ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, मी पुन्हा शिकाऊ झाले. माझ्या मुलीच्या वयाला जवळ असलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली, आणि आधीच्या पगाराच्या एका तुकड्यावर. धाकट्याच्या कॉलेजचे पैसे साठवणं त्या वर्षी थांबलं. हे ऐकायला गोड वाटतं, जगायला नव्हतं. आणि धूर नव्या चुलीतही आहेच, तो कॉम्प्युटर माझ्या मागोमाग आला!

या बाबतीत मला आपल्या दोन माणसांची फार मदत झाली.

एक विश्वामित्र. पुराणातला व्यवसाय बदलणारा सगळ्यात मोठा माणूस तोच. राजाचा ऋषी झाला. पण का झाला? वसिष्ठांच्या गाईपायी त्यांच्याकडून हरला म्हणून. रागाने घेतलेला निर्णय होता. म्हणून तपश्चर्या जमली तरी ती परत परत सांडली, कधी मेनकेपायी, कधी रंभेला शाप देण्यात. राजर्षी झाला, महर्षी झाला, पण ज्याच्यावरच्या रागाने निघाला होता त्या वसिष्ठांनीच ब्रह्मर्षी म्हणेपर्यंत त्याला चैन नव्हतं. बॉसला धडा शिकवायला जो नोकरी सोडतो, तो बॉसला बरोबर घेऊनच निघतो.

दुसरे आपले तुकोबा. देहूचे व्यापारी, सावकारीचं घर. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घरातली माणसं गेली, धंदा बुडाला. त्यानंतर कर्जखतं इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. पण परंपरा त्यात एक बारीक तपशील सांगते आणि तो आपण गाळतो. आधी त्यांनी त्या कागदांची वाटणी केली. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले, आणि फक्त आपल्या वाट्याचे बुडवले. केवढा हा विवेक! वैराग्य स्वतःचं होतं, म्हणून बुडवले तेही स्वतःचेच कागद.

हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. कारण त्याच्या कागदांत बायकोचा वाटा होता. तो एच-वन व्हिसावर. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. बायकोला काम करायची परवानगी मिळाली ती त्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाला म्हणून. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. एका भावनेच्या भरात लिहिलेल्या राजीनाम्याने तिचीही नोकरी जाऊ शकते. आणि त्याला व्हायचंय काय, तर शाळेत गणिताचा शिक्षक! त्याला वेगळा परवाना लागतो, नवी शाळा व्हिसासाठी अर्ज करायला तयार हवी, आणि हे नियम वारंवार बदलतात. मी त्याला म्हटलं, यातलं मला विचारू नकोस. वकिलाची फी भर. आपण देवाला अकरा डॉलर ठेवतो आणि वकिलाचे दोनशे वाचवतो.

माझ्या हातातलं तेवढं मी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या, कामाच्या थकव्याला रोग म्हटलेलं नाही. नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. पण त्या थकव्याच्या बुरख्याआड खरा रोगही असू शकतो. नैराश्य असू शकतं, थायरॉइड असू शकतं, रात्री घोरताना श्वास अडकत असू शकतो. आपल्या शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी असणं तर नेहमीचं. तेव्हा आधी डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे. थरथरत्या हाताने गांडीव टाकू नकोस आणि राजीनामाही लिहू नकोस.

गणेशोत्सवाचे दिवस आहेत म्हणून व्यासांची गोष्टही सांगितली. महाभारत लिहून घ्यायला गणपती बसले तेव्हा त्यांची अट होती, की माझी लेखणी थांबता कामा नये. ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. व्यासांनी उलटी घातलेली अट मात्र आपण विसरतो: अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. साक्षात बुद्धिदात्याला! त्या मुलाच्या फोनमध्ये राजीनाम्याचा मसुदा सात महिने तयार होता. मी तो खोडायला सांगितला नाही. फक्त म्हटलं, अर्थ कळेपर्यंत पाठवू नकोस. आणि कळल्यावर काय करायचं ते तुझं तू ठरव. एवढं सगळं सांगून झाल्यावर कृष्णानेही अठराव्या अध्यायात अर्जुनाला तेच सांगितलं आहे, की पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. हुकूम दिला नाही. आपण आईवडील मंडळी इतपत तरी कृष्णाचं ऐकू या.

त्याच रात्री त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू कधी बोलतोस त्याची वाट बघत होते." त्याचं बी-ट्वेल्व्ह खरंच फार कमी निघालं. औषध सुरू झालं, झोप परत आली, मुलावरचं ओरडणं कमी झालं. त्याला वाटलं होतं, आता शिक्षक व्हायचं खूळही जाईल. ते गेलं नाही. वकिलाला भेटून आलेत दोघं. नोकरी अजून आहे, मसुदाही फोनमध्ये आहे, आणि किती वर्षं थांबायचं याचा दोघांचा हिशोब अजून जुळत नाही. तो काय ठरवेल हे मला माहीत नाही आणि त्यालाही नाही.

दरम्यान रविवारी बालवर्गानंतर त्याने तळमजल्यावरच्या खोलीत गणित शिकवायला सुरुवात केली आहे. नऊ मुलं येतात, पैकी दोन माझ्या शेजारणीची, आणि ती चक्क स्वतःहून येतात. एकच फळा आहे, तोही डुगडुगता. कोणाच्या बेसमेंटमध्ये जुना फळा पडून असेल तर अनंत चतुर्दशीच्या आत मंदिराच्या कार्यालयात आणून द्यावा, ही विनंती.